दुखतं किती, शून्य ते दहा

सोमवार, ३

आलो एकदाचा! उजवा गुडघा नवा कोरा, बाकीचा माणूस चौपन्न वर्षं वापरलेला. शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळात झाली. पाच दिवसांत त्यांना माझा आणि मला त्यांचा कंटाळा आला, तेव्हा परस्परसंमतीने माझी रवानगी इथे झाली. याला पुनर्वसन केंद्र म्हणतात. वार्ताहर म्हणून तीस वर्षं हा शब्द मी फक्त धरणाच्या बातम्यांत वापरला. आज चाकाच्या खुर्चीतून, मांडीवर बॅग घेऊन आत शिरताना माझंच गाव पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं.

पण जागा छान आहे, हे कबूल करायला हवं. दुमजली इमारत, रुंद कॉरिडॉर, दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर लाकडी कठडे, फरशी इतकी स्वच्छ की तिच्यावर पडायचाही संकोच वाटावा. खोलीत दोन खाटा आणि मोठी खिडकी. भिंतीवर सायकल चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र आहे. दोघं इतकी हसताहेत की ब्रेक लागत नसावेत.

ही सोडायला आली होती. तिने कपाट लावलं, माझा वॉकर दोनदा ढकलून पाहिला आणि ही वही उशाशी ठेवली. म्हणाली, रोज पानभर लिहा, म्हणजे लोकांना जे ऐकवायचं ते कागद ऐकेल. आणि तीन आठवडे तरी कुणाला नावं ठेवू नका. मी म्हटलं, नावं ठेवली नाहीत तर हाका कशा मारू? जाताना दारातून म्हणाली की गुडघ्याबरोबर स्वभावही बदलून मिळतो का ते विचारून ठेवा.

करार साधा आहे. चोवीस तारखेला मी चालत घरी जाणार. एक गुडघा बदललेला, बाकी सगळं होतं तसं परत.

मंगळवार, ४

शेजारच्या खाटेवर मास्तर आहेत. निवृत्त हेडमास्तर, वय अडुसष्ट, उजवा खुबा नवा. नव्या खुब्याला नव्वद अंशांपलीकडे वाकायची बंदी असते, म्हणून त्यांना उंच खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीत ते असे बसतात जणू अजून शाळा भरायची आहे. सकाळी वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचतात आणि प्रत्येकाच्या वयातून स्वतःचं वय वजा करतात. विनोद केला की चष्मा पुसतात. तीन आठवडे यांच्याबरोबर काढायचे म्हणजे गुडघ्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया.

दहा वाजता व्यायामबाई आल्या. यांचा आवडता शब्द 'आपण'. आता आपण टाच ओढूया, आपण टॉवेलवर गुडघा दाबूया, आपण जरा सोसूया. सोसत होतो एकटा मी. मग कोनमापक लावून त्यांनी जाहीर केलं की आपण बासष्ट अंश वाकलो. व्यायामशाळेत तीन पायऱ्यांचा एक जिना आहे. तीन चढायच्या, कठडा धरून वळायचं, तीन उतरायच्या. पोचायचं कुठेच नाही. अशा जिन्यांवर मी नोकरीची तीस वर्षं काढली असल्यामुळे मला तो चटकन जमला.

मग वेदनापत्रक. कागदावर एक नागडा बाहुला छापलेला, त्याच्या अंगावर सांध्यासांध्यावर गोल. मी मोजले, तीस भरले. जबड्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. प्रत्येक गोलात शून्य ते दहा आकडा लिहायचा. बाजूला 'अधिक तपशील' म्हणून रिकामी ओळ, आणि रिकामी ओळ दिसली की माझा हात शिवशिवतो.

मास्तरांनी अर्धा तास घेतला. उजवा खुबा सहा लिहावा की साडेपाच चालेल, यावर व्यायामबाईंचं मत विचारलं. मी दोन मिनिटांत उरकलं. उजवा गुडघा: पाच. हे खरं. डावा गुडघा: दहा, उजव्याचं कौतुक बघवत नाही म्हणून. डावा खांदा: आठ, शेजारच्या शाळेचा भार. जबडा: दहा, जांभया आवरून आवरून. व्यायामबाईंनी कागद वाचला. हसल्या नाहीत. बरं, म्हणाल्या, आणि कागद फायलीत लावला.

गुरुवार, ६

वाकणं एकाहत्तर अंश. सूज उतरते आहे. बर्फाची पिशवी दिवसातून चारदा. जेवण पचायला हलकं आणि आठवायला अवघड.

कॉरिडॉरच्या टोकाला बैठकीची जागा आहे. तिथे जुनी मंडळी बसतात. जुनी म्हणजे इथे जुनी. कुणी दोन वर्षं, कुणी आठ. त्यांची राणी म्हणजे काकू. सगळेच त्यांना काकू म्हणतात, व्यायामबाईसुद्धा. सत्तरीच्या आहेत. विणकामाची सुई खाली पडली तर कमरेतून सरळ वाकून उचलतात, एखाद्या कवायतीतल्या पोरीसारख्या. त्यांनी मला विचारलं, पत्रक भरता ना? मी म्हटलं, मन लावून भरतो. अगदी संकोच करू नका, म्हणाल्या. इथे ज्यांनी संकोच केला त्यांचं काहीच झालं नाही.

यांना सगळ्यांना घरचे लोक विसरले असावेत आणि म्हणून हे असे आनंदी असावेत, असा माझा तर्क. एकाला छंद विचारला तर म्हणाला, चालणं. दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला, चालणं. चालण्याबद्दल गप्पा मारणारी माणसं मी याआधी फक्त निवडणुकीत पाहिली होती.

आजच्या पत्रकात मी पुन्हा तेच आकडे टाकले, शेरे मात्र नवे. एकच विनोद दोनदा छापायचा नाही, एवढी व्यवसायनिष्ठा अजून आहे. जबड्यापुढे लिहिलं: इथलं सूप चावून. दुपारी बायकोला फोनवर वाचून दाखवलं. ती खो खो हसली आणि म्हणाली, त्या बिचाऱ्या बाईंना छळू नका हो.

शनिवार, ८

पंच्याऐंशी अंश. वॉकर सोडून काठीवर आलो. मास्तर अजून वॉकरवर, आणि मला प्रगतीबद्दल शाबासकी देतात, ती सहन करावी लागते.

एक गोष्ट लक्षात आली, ती गंमत म्हणून लिहून ठेवतो. पन्नाशीपुढचा माणूस आवाज न करता बसत नाही. बसताना 'हुश्श', उठताना 'आई गं', वळताना गुडघ्याची एखादी कटकट. म्हातारपणाचं हे पार्श्वसंगीतच आहे. मास्तर तर खुर्चीत बसतात तेव्हा गोणी उतरवल्यासारखा आवाज येतो. पण टोकाच्या बैठकीत आज तासभर बसलो आणि तिथे एकही आवाज आला नाही. अकरा माणसं. बसली, उठली, वाकली. एकदाही कुणी कण्हलं नाही.

मग त्यांची चाल पाहिली. बागेत फेऱ्या मारत होते. उंच, बुटका, जाड बाई, वाळका म्हातारा. सगळ्यांचं पाऊल सारख्याच लांबीचं. टोकाला पोचले की टाचेवर वळतात, तेही एकाच पद्धतीने. मी ओळखीच्या माणसाला पाठमोरा, चालीवरून ओळखतो. हिची चाल तर अंधारातही ओळखीन, जरा उजवीकडे कललेली, घाईची. या अकराजणांत पाठमोरा कोण ते मला सांगता आलं नाही.

उत्तम कारागिरी, असं मास्तरांना म्हटलं. ते चष्मा पुसत म्हणाले, अहो, त्या काकूंनी परवा गरम चहाच्या भांड्यावर हात ठेवला होता, मी सांगितलं तेव्हा उचलला. मास्तरांना नाट्य करायची हौस आहे, हे मला माहीत नव्हतं.

सोमवार, १०

आज एक विनोदी घोटाळा. आंघोळीनंतर पुसताना डाव्या गुडघ्यावर जांभळा बाण दिसला. शस्त्रक्रियेआधी योग्य पाय चुकू नये म्हणून काढतात तसा. मी खूश झालो. मोठ्या इस्पितळाला इतका चांगला घोटाळा जमला नव्हता. साबणाने घासला. गेला नाही.

अकरा वाजता इथले सर्जन आले. शांत, गुबगुबीत, हात लहान मुलासारखे मऊ. मी मनात त्यांचं नाव विश्वकर्मा ठेवलं. त्यांना म्हटलं, बाण चुकून आलाय, माझा नवा गुडघा पलीकडे आहे. त्यांनी फाईल उघडली. सात दिवसांची सात पत्रकं. डावा गुडघा, दहा. सातही दिवस दहा. शेरेही त्यांनी एकेक करून वाचले, वकिलाने मृत्युपत्र वाचावं तसे.

मी म्हटलं, ती थट्टा होती. त्यांनी विचारलं, म्हणजे दुखत नाही? मुळीच नाही, म्हटलं. या गुडघ्याने मला आयुष्यात कधी त्रास दिला नाही. बघूया, म्हणाले, आणि अंगठा ठेवला. दाबला नाही. ठेवला.

पुढचं नीट लिहिता येत नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मास्तरांनी सांगितल्यावर मला कळला. कॉरिडॉरमधून लोक आले म्हणे. विश्वकर्म्यांनी अंगठा काढला तरी दुखणं गेलं नाही. दुपारभर ते एकाच पातळीवर आहे. नऊ नाही, अकरा नाही.

संस्कृतच्या वर्गात आमचे गुरुजी डोळे, हात आणि गुडघे यांवर द्विवचन शिकवायचे. जानु, एक गुडघा; जानुनी, दोन. तेव्हा आम्हाला ते फार चैनीचं वाटे.

गुरुवार, १३

केलाच.

काय झालं ते क्रमाने लिहितो. परवा सकाळी हिला इथून फोन गेला. तिने संमती दिली. मी तिला म्हटलं, मला विचारायचं तरी. ती रडवेली होती. म्हणाली, अहो, सात पत्रकं फोटो काढून पाठवलीत त्यांनी, तुमच्याच अक्षरात आहेत, इतकं दुखत होतं आणि तुम्ही मला ते जोक म्हणून वाचून दाखवत होतात? तुम्हाला सरळ सांगता येतच नाही का काही?  यावर उत्तर दिलं असतं तर तेही विनोदीच असतं.

आता दोन्ही पाय पट्ट्यांत. काठी कोपऱ्यात. चोवीसला चालत घरी जायचं होतं. अजून जाईन. वॉकरने जाईन. दोन गुडघे बदललेले, बाकी सगळं होतं तसं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. उजवा गुडघा दुखतो, नव्या सांध्याने दुखावं तसा; टाका ओढतो, रात्रीची सूज सकाळी दिसते. तो मोठ्या इस्पितळाचा. डावा मात्र, इथला, दुखत नाही. बधिर म्हणावा तर तसाही नाही. डोळे मिटले की तो कुठे आहे हे सांगता येत नाही. हाताने चाचपून शोधावा लागतो.

शुक्रवार, १४

आज पत्रक काळजीपूर्वक भरलं. उजवा गुडघा सहा. बाकी एकोणतीस गोलांत शून्य. शेरा नाही. मास्तरांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

व्यायामबाई कागद पाहून थांबल्या. म्हणाल्या, आपला डावा खांदा काल आठ होता, आज एकदम शून्य? जबडा दहाचा शून्य? मी म्हटलं, होय, पूर्ण शून्य, हे खरे आकडे. त्यांनी समजावून सांगितलं, फार प्रेमाने. आठाचा सात होतो, सहा होतो. एकदम शून्य होत नाही. एकदम शून्य म्हणजे तिथली संवेदनाच गेली. ते दहापेक्षा वाईट, आपण थांबायचं नाही.

मी कागद मागितला, खोडून सात करतो म्हटलं. खाडाखोड चालत नाही, म्हणाल्या. मग उद्या सात लिहितो. सात म्हणजे खूपच, म्हणाल्या. पाच? पाच म्हणजे मुरतंय. काय लिहू मग, बाई, असं मी विचारलं. या स्वरात मी आजवर कुणाला काही विचारलेलं नाही. जे आहे ते लिहायचं, म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून.

दुपारी डावा हात वर जाईना. शर्टाची बाही काढताना खांद्यावर जांभळं काहीतरी दिसलं. मास्तरांना विचारलं, बाण आहे का. त्यांनी जवळ येऊन पाहिलं आणि बाही खाली ओढली.

रविवार, १६

मास्तर आज घरी गेले.

मुलगी न्यायला आली होती. त्यांची पत्रकं ते जाण्याआधी मी मागून पाहिली. सहा, साडेपाच, पाच, साडेचार, चार. बाकी ठिकाणी एक, दोन, मानेला अडीच. असं निर्बुद्ध, कंटाळवाणं, खरं लेखन मी कधी वाचलं नव्हतं. तेरा दिवस मी या माणसाला हसलो. ते गाडीत बसताना 'आई गं' म्हणाले, आणि तो आवाज मी खिडकीतून ऐकला, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहिलो.

निघताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तुमचं लिहिणं छान असतं हो, मला सगळंच कळायचं नाही, पण मुलीला सांगत असे. आणि हळूच म्हणाले, मिसेसना लवकर बोलावून घ्या.

हिला मेसेज केला, लांबलचक. सगळं क्रमाने. बाण, अंगठा, चाल, चहाचं भांडं. उत्तरात हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा आला. खाली लिहिलं होतं, तब्येत सुधारतेय वाटतं, लेख मस्त झालाय, पाठवा छापायला.

तीस वर्षं. तीस वर्षं मी हिच्याशी एक वाक्य सरळ बोललो नाही. ती तरी काय ओळखणार.

बुधवार, १९

खांदा झाला. काल. वेळ आठवत नाही.

डावा हात माझ्या अंगावर ठेवलेला आहे. ठेवलेला, म्हणजे दुसऱ्या कुणाचा ठेवावा तसा.

काकू भेटायला आल्या. मास्तरांच्या खाटेवर बसल्या, गादी जराही दबल्यासारखी वाटली नाही. मी विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं? हसल्या. आठ वर्षांपूर्वी नुसता एक खुबा करून आल्या होत्या. सून म्हणायची, म्हातारी सोंग करते. म्हणून तिला जरा घाबरवावं या विचाराने तीसही गोलांत दहा. एकदाच लिहिलं, म्हणाल्या. सून घाबरली ना? हो, फार. मग? मग काय, एकेक करत सगळं छान झालं. आता सून येते का? यावर त्यांनी थोडा विचार केला, कुठली सून असा.

मग माझा उजवा हात हातात घेतला. त्यांचा हात गार नव्हता, गरम नव्हता. त्या माझ्याशी बोलत खिडकीबाहेर बघत होत्या, आणि बोटं माझ्या मनगटात रुतत गेली, रुतत गेली. त्यांना कळतच नव्हतं की त्यांनी काही धरलं आहे.

टोकाचे सगळे तसेच. कुणी नवऱ्यावर रुसून. कुणी रजा वाढावी म्हणून. एक माझ्यासारखा, गंमत म्हणून. त्याला विचारलं, काय गंमत केली होती, सांगा. आठवेना त्याला.

गुरुवार, २०

जबडा.

आज सकाळपासून. कानापुढे, दोन्हीकडे. सूप गिळताना — दहा. बोलताना दहा. न बोलताना दहा.

आरशात पाहिलं नाही. दाढी न करता बसलो. व्यायामबाईंनी गाल पुसून दिला आणि म्हणाल्या, आपला बाण छान उठून दिसतोय.

हिला फोन लावला. बोलता येईल तोवर बोललो. मला ने, म्हटलं. नुसतं एवढंच. मला ने. विनोद नाही, शेरा नाही.  पलीकडे तिचा आवाज बदलला. म्हणाली, अहो, रडताय का तुम्ही? येते. चोवीसला रीतसर सही करून घेऊनच येते. त्याआधी सोडत नाहीत म्हणाले, मी आत्ताच विचारलं.

तिला कळलं. पहिल्यांदा. चार दिवस —

शनिवार, २२

बोलता येत नाही. तोंड बांधलेलं. नळीने पाणी. घशातून एक आवाज निघतो, गायीसारखा.

दुखत नाही. हेच. कुठेच दुख— फक्त उजवा गुडघा दुखतो. रात्रंदिवस दुखतो. त्याला हात लावून पडून असतो. तेवढा माझा आहे. आणि उजवा हात, हा, लिहितोय तो.

पत्रक आणतात. पेन धरतो, काही लिहीत नाही. कोरं परत देतो. व्यायामबाई म्हणतात, चालेल, आपण जुन्यावरून उतरवून घेऊ.

रविवार, २३

आज टोकाची मंडळी खोलीत आली. अकरा. भिंतीशी उभी राहिली. त्यांच्या उभं राहण्यात —

तोल एकाच बाजूला. माझाही. उशीवर मान. तिकडेच.

उद्या. उद्या ती येते. सही. गाडी. एवढंच.

सोमवार, २४

आली! कॉरिडॉरमधून पावलं. उजवीकडे कललेली, घाईची. डोळे मिटून ओळखली.

पाहून तोंडावर हात घेतला तिने. मग कपाळावरून हात फिरवला. तिच्या हाताला कांद्याचा वास. घरचा. म्हणाली, चला, झालं आता, मी आलेय ना. कपाट रिकामं केलं. बॅग भरली. चाकाची खुर्ची, कॉरिडॉर, टोकाची बैठक. दार दिसतंय. बाहेर गाडी.

सही राहिली आहे. सर्जन हसून बोलले तिच्याशी. तिला काकूंच्या शेजारी सोफ्यावर बसवलं. मी इकडे, दाराशी. मध्ये सहा पावलं. कागद दिला तिला.

कागदावर बाहुला आहे.

ती विचारतेय हे कशाला. व्यायामबाई सांगतात, घरी गेल्यावर आपल्यालाच यांना उचलायचंय ना, म्हणून उचलणाऱ्याचे सांधे. साधंच आहे. शून्य ते दहा.

मी आवाज काढला. घशातून. मोठा काढला. ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं मीही हसतोय. कागद दाखवला मला लांबून — तुमचं ते सुप्रसिद्ध पत्रक, म्हणाली, आता माझी पाळी.

डोळे पुसले तिने. ती मला हसवायला बघतेय. चार दिवस रडवलं तिला मी, आणि आता ती मला हसवतेय.

लिहितेय. काकूंना वाचून दाखवतेय. मान, दहा. तीस वर्षं यांच्या होला हो करून करून. काकू हसतात. सगळे आले आहेत. मागे उभे. तिचे विनोद माझ्यापेक्षा चांगले असतात, हे मी कधी —

उजवा खुबा —

अगं. अगं इकडे बघ. खुर्ची हलत नाही. चाक धरलंय कुणीतरी. वही दाखवतोय, बघ. ती हात करते, थांबा, एकच राहिलं.

मानेवर हात गेला तिचा. आत्ता. लिहिता लिहिता. चेहरा —

वही फेकतो तुझ्याकडे. हे पान वाच. पेन ठेव. एकही आकडा लिहू नकोस, खरासुद्धा नको, उठ, तशीच उठ, मला राहू दे, तू दारातून